अकरा दिवस दोन्हीकडे हजर

मंगळवारी सकाळी अकरा वाजता अश्विनी शेलार माझ्या खिडकीसमोर उभी होती आणि त्या वेळी तिने तिथे असायलाच नको होतं.

शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचा ग्रुप त्या आठवड्यापासून कम्युनिटी पोस्टिंगला होता. म्हणजे काय, तर दहा मुली सकाळी साडेसातच्या कॉलेज बसने शिळफाट्यापलीकडच्या एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्रावर जातात. तिथून घरोघरी फिरायचं, म्हाताऱ्यांचं बीपी बघायचं, गरोदर बायकांची, लहान मुलांची माहिती लिहून घ्यायची आणि दुपारी परत. त्याला वेगळा निळा ड्रेस असतो. अश्विनी निळ्या ड्रेसमध्ये होती, खांद्याला कम्युनिटीची बॅग होती आणि बस जाऊन साडेतीन तास झाले होते.

"काय गं, बस चुकली?" मी विचारलं. माझा आवाज मुळात चढा आहे, त्याला इलाज नाही.

"नाही मॅडम. आईला ॲडमिट केलंय. आपल्याच हॉस्पिटलला, पाचव्या मजल्यावर. मला अटेंडंट पास पाहिजे."

मी भोईर. नवी मुंबईतल्या एका नर्सिंग कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमध्ये बावीस वर्षं आहे. कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच इमारतीत, माझी खिडकी तळमजल्याला. मूळची रबाळ्याची. आमची शेतं एमआयडीसीत गेली आणि घरातल्या सगळ्यांनी मिळेल त्या खुर्च्या धरल्या, त्यातली ही माझी. पूर्वी दारावर नुसतं 'ऑफिस' लिहिलेलं होतं. मग एका इन्स्पेक्शनच्या आधी पाटी बदलून 'विद्यार्थी साहाय्य कक्ष' केली. बाहेर एक तक्रारपेटीही टांगली. तिची किल्ली त्याच आठवड्यात हरवली. काम मात्र तेच राहिलं. बोनाफाइड द्या, परीक्षेचे फॉर्म भरून घ्या, हॉल तिकिटं वाटा, मुलींच्या मूळ मार्कशीट सांभाळा आणि सगळ्यात किचकट म्हणजे क्लिनिकलचे तास जुळवा.

हे तास नीट सांगायला पाहिजेत, कारण सगळं त्यावरच आहे. नर्सिंगमध्ये लेक्चरच्या हजेरीत थोडी सूट मिळते. वॉर्डातल्या आणि कम्युनिटीतल्या हजेरीत मिळत नाही. एकेक तास भरावा लागतो. दिवस बुडाला तर तो नंतर भरून द्यायचा, त्याला आम्ही मेकअप ड्युटी म्हणतो. वॉर्डातला मेकअप सोपा असतो, सुट्टीच्या दिवशी जाऊन करता येतो. कम्युनिटीचा मात्र एकटीला करता येत नाही. पुढचा ग्रुप त्या गावात जाईल तेव्हा त्यांच्याबरोबर जायचं. आणि त्या वर्षी पुढचा ग्रुप जाणार होता परीक्षेनंतर. म्हणजे परीक्षेला बसता येतं, पण मेकअप होईपर्यंत निकाल अडकून राहतो.

बाकी कुणाचा दोन-तीन महिने अडकला असता तर मी एवढा विचार केला नसता. पण हॉस्पिटलने त्या बॅचमधल्या बारा मुली स्टाफ नर्स म्हणून निवडल्या होत्या. निकाल लागला की जॉइनिंग. निकाल वेळेत नाही आला तर जागा वेटिंग लिस्टवालीला. ती यादी माझ्याच टेबलाच्या काचेखाली होती आणि तिच्यात चौथं नाव अश्विनी शेलारचं होतं.

मी तिला आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं. वडील मार्केटमध्ये माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे. आई पावण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि कुणाला कळलंच नव्हतं. पाय सुजायचे तर उभं राहून सुजतात असं म्हणायची. घरात शिकून नर्स होणारी मुलगी, आणि तिलाही आईने पाय दाखवले नाहीत. हे अश्विनीने मला सांगितलं आणि मग बराच वेळ ती बॅगेचा पट्टा नुसता ओढत बसली.

"वडील थांबतील ना तिच्याजवळ?"

"लेडीज वॉर्ड आहे मॅडम. पुरुष नातेवाईक थांबू देत नाहीत. दुसरं बाईमाणूस कुणी नाही आमच्यात."

झालं. प्रश्न असा होता. रजा म्हणावी तर स्वतः आजारी असलीस तरच मेडिकल लीव्ह. आईच्या आजारपणाला आमच्या नियमात खाना नाही. मी तिला म्हटलं, तुझ्याच नावावर तापाचं सर्टिफिकेट आण, पुढचं मी बघते. निदान गैरहजेरी तरी लागणार नाही. त्यावर ती म्हणाली, "पण मला ताप नाहीये मॅडम." हे तिने उद्धटपणे नाही म्हटलं, अगदी साधेपणाने म्हटलं. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, बाई गं, इतकं सरळ असून कसं चालेल.

तिला मी अटेंडंट पास काढून दिला. पासावर नाव, फोटो, 'रुग्णाशी नाते : मुलगी'. हॉस्पिटलच्या रजिस्टरला तशी नोंद झाली. हा पास लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या मजल्यावर गेले. सावंत सिस्टर त्या वॉर्डच्या इन्चार्ज. रिटायर व्हायला वर्षही राहिलं नव्हतं, गुडघ्याला पट्टा, आणि जीभ माझ्यासारखीच. बघते तर अश्विनी हॉस्पिटलच्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. आईचं अंग पुसून झालं होतं आणि शेजारच्या दोन आज्यांचं बीपी घेत होती.

सावंत सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या या पोरीने अर्धा वॉर्ड सांभाळलाय. मी सांगितलं पण नाही तिला. आईला डोळा लागला की उठते आणि कामाला लागते."

तिथेच, त्या वॉर्डच्या दारात, मला ती अक्कल सुचली. बावीस वर्षांत मी कितीतरी गुंते सोडवलेत आणि त्याची मला घमेंड होती, ते कबूल करते. विचार केला, पोरगी वॉर्डात आहे, युनिफॉर्ममध्ये आहे, काम करतेय. मग तिचं पोस्टिंगच बदललं तर? आमच्याकडे पोस्टिंग एक्स्चेंज असतं. कम्युनिटीचे दिवस पुढे, वॉर्डाचे आधी. त्याला प्रिन्सिपल मॅडमची लेखी ऑर्डर लागते. मॅडम दुसऱ्या कॉलेजांच्या इन्स्पेक्शनला बाहेरगावी गेल्या होत्या. परत यायला दहा-बारा दिवस. पण सगळ्या ऑफिसांत चालतं तेच आमच्याकडेही चालतं. काम आधी सुरू होतं, कागद नंतर येतो आणि त्याच्यावर मागची तारीख पडते.

पुढे कम्युनिटीचे तास राहिलेच असते, त्याचं काय? तेव्हाचं तेव्हा बघू, असं मी ठरवलं. एकूण तास कागदावर पूर्ण दिसले की निकाल लागतो आणि निकाल लागला की पोरगी कामाला लागते. एवढंच डोक्यात होतं.

सावंत सिस्टरनी एकदाच विचारलं. "ऑर्डर कुठाय?"

"येते. मॅडम टूरवर आहेत."

"बघ हं भोईर. शेवटचं वर्ष आहे माझं."

"मी आहे ना," मी म्हटलं.

मी अश्विनीला सांगितलं, रोज आठ वाजता वॉर्डच्या हजेरीवर सही करत जा, मंगळवारपासूनच्या सह्याही करून टाक. ती "बरं मॅडम" म्हणाली. त्या वेळी तिला मी अंगठा उठव म्हटलं असतं तरी तिने उठवला असता. तिचं सगळं लक्ष मॉनिटरवर होतं.

अकराव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, तिची आई गेली.

मी वर गेले तेव्हा पडदे ओढलेले होते. थोड्या वेळाने सावंत सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तिने मला हात लावू दिला नाही. सगळं तिने एकटीने केलं. सुया काढल्या, तोंड पुसलं, केस विंचरले, हनुवटीला पट्टी बांधली. हे आम्ही मुलींना दुसऱ्या वर्षाला शिकवतो. डमीवर शिकवतो. वडील लिफ्टजवळ उभे होते, हातात डब्याची पिशवी घेऊन. त्यांना अजून कुणी आत घेतलं नव्हतं. मी त्यांना आत नेलं. पिशवी तेवढी हातातून घेतली.

त्या दिवशीही सकाळी आठ वाजता तिने हजेरीवर सही केलेली होती.

प्रिन्सिपल मॅडम परत आल्या. त्यांच्या टेबलावर तीसेक कागद साठले होते. त्यात मधे घालून मी एक्स्चेंजचा कागद ठेवला. मधे घातलेला कागद न वाचता सही होते असा सर्वसाधारण अनुभव. पण या बाई प्रत्येक कागद वाचतात. मला बोलावलं.

"ही ऑर्डर कधीपासूनची?"

"मागच्या तारखेची लागेल मॅडम. त्या शेलारचं..."

"मला कळलं तिच्या आईचं. फार वाईट झालं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मागच्या तारखेने मी सही करत नाही. ती कम्युनिटीला गैरहजर होती ना? मग गैरहजर लिहा. मेकअपचं मी बघते. आरोग्य केंद्राला पत्र देऊन लवकर जाता येतं का विचारते. हॉस्पिटलशीही बोलते तिच्या जॉइनिंगचं."

याहून सरळ कुणी काय सांगणार? पण मी बाहेर आले ती चडफडत. म्हटलं, काय दगडाचं काळीज आहे या बाईचं. पोरीची आई जाऊन चार दिवस नाही झाले आणि ही म्हणते मेकअप. तेराव्यानंतर तिला परत निळा ड्रेस घालून पाठवायचं, परक्या लोकांच्या आयांची बीपी घ्यायला? माझ्याने ते तिला सांगवेना. मॅडमने मला दार उघडून दिलं होतं आणि मी रागाच्या भरात ते दारच आहे हे बघितलं नाही.

मी काय केलं ते स्पष्ट लिहिते. मी ऑर्डर फाडली. वॉर्डची हजेरी मात्र फाडली नाही. म्हटलं, सिस्टरची सही आहे, मुलीची सही आहे, ऑर्डर कोण मागतंय? आणि ते अकरा दिवस मी पोर्टलवर वॉर्डात भरून टाकले. पोर्टल म्हणजे विद्यापीठाची साइट, तिथे प्रत्येक मुलीचे क्लिनिकलचे तास तारीखवार टाकावे लागतात. त्यानंतरच हॉल तिकीट निघतं.

कम्युनिटीची हजेरी माझ्याकडे नसते. ती क्लास कोऑर्डिनेटर भरते. माझी खात्री होती की तिथे त्या अकरा दिवसांना अश्विनीपुढे गैरहजेरीचा A असणार. ती शीट एकदा मागवून बघायची, एवढंच करायचं होतं. फोन उचलला असता तर वरच्या मजल्यावरून पाच मिनिटांत आली असती. मी मागवली नाही.

आता दुसरी बाजू. ती मला नंतर कळली, पण इथेच सांगते म्हणजे गोंधळ नको. त्या ग्रुपची लीडर निकिता. अश्विनीची पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण, तोंडाने फटकळ, जिवाला जीव देणारी. आरोग्य केंद्रावर हजेरीचा कागद ग्रुप लीडरकडे असतो. निकिताने पहिल्याच दिवशी अश्विनीच्या नावापुढे अश्विनीसारखी सही ठोकली. मग दुसऱ्या दिवशी. मग रोज. नुसती सहीच नाही, घरभेटींच्या वहीतही तिच्या नावावर रोज चार-चार घरं लिहिली. स्वतःच्या चार घरांनंतर जास्तीची चार घरं उन्हातान्हात फिरली आणि ती अश्विनीच्या नावावर लिहिली. म्हणजे काम खरं होतं, नाव खोटं. आणि अश्विनीला तिने सांगितलंच नाही. का, तर ती आधीच टेन्शनमध्ये, तिच्या डोक्याला आणखी कशाला ताप.

मी केलेलं निकिताला माहीत नव्हतं आणि निकिताने केलेलं मला माहीत नव्हतं. दोघींनी आपापल्या परीने त्या पोरीचं भलं केलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथे तर मारुतीही झाला नाही.

हॉल तिकिटं निघायच्या आठवड्यात पोर्टलवर अश्विनीच्या नावापुढे लाल पट्टी आली. एकाच तारखेला दोन ठिकाणी हजर, असे अकरा दिवस. दोन दिवसांत विद्यापीठाचं पत्र आलं. चौकशी समिती येतेय, मूळ कागद हजर ठेवावेत.

समिती तीन जणांची. अध्यक्ष दुसऱ्या कॉलेजचे एक सर, पन्नाशीचे, मवाळ बोलणारे. खेकसणारा माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं. टेबलाच्या एका बाजूला ते तिघे आणि प्रिन्सिपल मॅडम, समोर अश्विनी. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर मी, सावंत सिस्टर आणि निकिता. सरांनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. वॉर्डची हजेरी. आरोग्य केंद्राची हजेरी. आणि अटेंडंट पासाच्या रजिस्टरची कॉपी.

तो पास मीच काढून दिला होता.

"बेटा," सर म्हणाले, "या कागदाप्रमाणे तू वॉर्डात ड्युटीवर होतीस. याप्रमाणे तू गावात होतीस. आणि याप्रमाणे तू पेशंटची नातेवाईक म्हणून बसली होतीस. यातलं खरं कोणतं?"

"तिसरं, सर," अश्विनी म्हणाली.

"मग ही वॉर्डातली सही तुझी?"

"हो सर. माझी."

"आणि ही गावातली?"

तिने तो कागद उचलला. मी तिच्याकडे बघत होते. तिला त्या क्षणी कळलं की ती सही कुणाची आहे. पहिल्यांदा बघत होती बिचारी. तिने निकिताकडे मान वळवलीसुद्धा नाही. कागद खाली ठेवला.

"तीही मीच करायला लावली, सर."

दुसऱ्या मेंबर बाई होत्या. त्यांनी घरभेटींची वही उघडली. "या शेवटच्या तारखेला तर तू चार घरांना भेटी दिल्यात असं लिहिलंय. एका घरी आजींना पथ्य समजावून सांगितलं म्हणे. किडनीच्या पेशंटचं."

"त्या दिवशी माझी आई गेली, मॅडम," अश्विनी म्हणाली.

त्या बाईंनी वही मिटली, चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. सर खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, आता सोडतील. माणसंच आहेत. पण सर जेव्हा बोलले तेव्हा अतिशय हळू आवाजात बोलले. "तुझं दुःख आम्ही समजतो बेटा. पण तू नर्स होणार. उद्या पेशंटला न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिलंस तर? आमच्यासमोर दोन खोट्या हजेऱ्या आहेत. ही कल्पना कुणाची होती? तुला कुणी सांगितलं होतं का?"

हा प्रश्न माझ्यासाठी होता. विचारला तिला, पण होता माझ्यासाठी. मी तोंड उघडायचं आणि म्हणायचं, सर, वॉर्डातली सही मी करायला सांगितली. चार-पाच शब्दांचं वाक्य. माझ्या शेजारी सावंत सिस्टर बसल्या होत्या. मी म्हटलं असतं तर त्या आपोआप वाचल्या असत्या. मी पण काय, मेले थोडीच असते. मेमो, फार तर सस्पेन्शन.

अश्विनी म्हणाली, "कुणी नाही सर. माझीच कल्पना."

आणि मी गप्प बसले.

का बसले, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. ती बोलून गेली, आता मी बोलले तर ती खोटारडी ठरेल. सावंत सिस्टर अडकतील. मॅडमने नाही म्हटल्यावरही मी हजेरी भरली हे बाहेर येईल. त्यातलं शेवटचं कारण खरं. बाकीची नंतर शोधलेली.

संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. ती शाळेत गेली नाही कधी. आयुष्यभर शेतात आणि खाडीवर. तिने ऐकून घेतलं, भाजीची पाटी बाजूला केली आणि म्हणाली, "मंग तू गप कनाला रेलीस गो?"

म्हणजे गप्प का राहिलीस. तिने पाटी पुन्हा पुढ्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना अर्ध्याहून जास्त माहीतच होतं. एक्स्चेंजचा कागद त्या विसरल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, काल वाट बघत होते मी तुम्ही बोलायची. मग मी लेखी लिहून दिलं, मॅडमनी ते विद्यापीठाला पाठवलं. तिथून उत्तर आलं की विद्यार्थिनीने समितीसमोर स्वतः कबुली दिलेली असल्याने निर्णयात बदल करण्याचं कारण दिसत नाही.

निर्णय असा. अश्विनी शेलार, ती परीक्षा आणि त्यापुढची परीक्षा, दोन्हींना बसता येणार नाही. निकिताला लेखी ताकीद. सावंत सिस्टरना हॉस्पिटलकडून खुलासा मागवला. त्या वेळेत रिटायर झाल्या, पण निरोप समारंभाला आल्या नाहीत. मला मेमो. 'यापुढे दक्षता घ्यावी.' तीन शब्द. सर्व्हिस बुकात त्याची नोंदसुद्धा झाली नाही.

काचेखालच्या यादीतलं चौथं नाव मी स्वतः काट मारून बदललं.

अश्विनीला मी फोन केले. दोनदा उचलला. वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे, परत ये, मी सगळं करते म्हटलं. ती "हो मॅडम, बघते" म्हणायची. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिसऱ्यांदा वडिलांनी उचलला. ती कामावर जाते म्हणाले, ऐरोलीला एका सोसायटीत. अंथरुणाला खिळलेल्या एका बाई आहेत, त्यांचं बघायला. कसलं सर्टिफिकेट मागत नाहीत तिथे.

मग एका शनिवारी शेलार स्वतः खिडकीशी आले. अंगावर धुतलेला पांढरा सदरा, मानेवर ओझ्याने पडलेला घट्टा. अश्विनीचा अर्ज आणला होता. मूळ मार्कशीट आणि टीसी परत मिळावा म्हणून. अक्षर तिचं. छान अक्षर होतं तिचं, वळणदार.

"अहो शेलार, तिला सांगा ना. टीसी कशाला काढतेय? पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला."

"मी लई सांगितलं मॅडम. न्हाई म्हणते. त्या कॉलेजच्या लिफ्टमदी चढाया लागलं की पाचवा मजला येतो, म्हणते." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. "आता काय बोलायचं पोरीला."

मी कपाटातून तिचं पाकीट काढलं. दहावी, बारावी, जातीचा दाखला, तीन वर्षांच्या मार्कशीट. सगळ्या फर्स्ट क्लासच्या. रजिस्टर पुढे केलं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्यांनी सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. कागद फाइलमध्ये घातले, फाइल पिशवीत घातली आणि मग हात जोडले.

"तुमी लई केलं मॅडम आमच्या पोरीसाठी. तिची आय पण म्हणायची, खालच्या हापिसातल्या बाई लई चांगल्या हायेत, त्यांनी पोरीला माझ्यापाशी बसू दिलं."

मी मान हलवली. ते गेटमधून बाहेर पडून रस्ता ओलांडेपर्यंत मी खिडकीत उभी होते आणि मागे दोन मुली बोनाफाइडसाठी खोळंबल्या होत्या.

आता माझी चार वर्षं राहिलीत. मुली येतात. कुणाची बहीण बाळंत होते, कुणाचा बाप पडतो, कुणाचं घर पाडायला नोटीस येते. मी ऐकते सगळं. मग मस्टर पुढे ओढते, लाल पेन घेते आणि तिच्यासमोरच गैरहजेरी लावते. मेकअपची तारीख त्याच वेळी लिहून देते. पोरी डोळे पुसत जातात. पाठीमागे मला काय म्हणतात ते मला पोचतं. दगडाचं काळीज, हा त्यातल्या त्यात बरा शब्द.

जी नव्हती ती नव्हती असं लिहावं. नसलेला दिवस नंतर भरून काढता येतो. अश्विनीच्या नावापुढे अकरा A लिहायला मला एक मिनिट लागलं असतं.